जामीन कोण राहणार?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गेली दोन वर्षे घरातले, चाळीतले आणि नात्यागोत्यातले सगळे कागद माझ्याकडे येतात. रेशनकार्डावर नाव चढवायचे असो, उत्पन्नाचा दाखला काढायचा असो, बँकेने पाठवलेल्या इंग्रजी पत्राचा अर्थ लावायचा असो, ‘तिला दाखवा, ती बी. ए.ला आहे’ असे म्हणून कागद माझ्या पुढ्यात येतो. बाबा रिक्षा चालवतात, आई कोपरीतल्या दोन सोसायट्यांत पोळ्याभाजीची कामे करते. त्यांना वाटते, जी मुलगी राज्यशास्त्राचा पेपर लिहिते तिला कोणताही फॉर्म भरता येईल. खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी मला माझा स्वतःचा शिष्यवृत्तीचा फॉर्मसुद्धा तीनदा भरावा लागला होता. पण हे मी घरी कधी सांगितले नाही.

या दिवाळीआधी मावशी एक जाड पाकीट घेऊन आली. बरोबर माझा मावसभाऊ, आमचा दादा, होता. दादा आय. टी. आय. झालेला, चोवीस वर्षांचा, कंत्राटावर काम करणारा. दर अकरा महिन्यांनी कंत्राट संपते आणि तो पुन्हा घरी बसतो. पाकिटात कॅनडाला जाण्याचे कागद होते. एका एजंटाने त्याला सांगितले होते की, तिथे ‘मानवतावादी व्हिसा’ नावाची सोय आहे. तिथले पाच नागरिक मिळून आपल्यासाठी हमी देतात, वर्षभर खायला-प्यायला घालतात, आणि मग माणूस कायमचा तिथला होतो. पाच माणसे एजंट आणणार. एकूण खर्च चार लाख. पैकी साठ हजार मावशीने गळ्यातले मोडून आधीच दिले होते. आता फक्त एक काम उरले होते. ‘तुमच्यावर काय संकट आले’ ते एका पानावर लिहून द्यायचे.

संकट कोणते, हेही एजंटाने सुचवले होते. दादाने गावी परजातीतल्या मुलीशी लग्न केले, म्हणून मुलीकडचे लोक त्याच्या जिवावर उठले आहेत, असे लिहायचे. दादाचे लग्न झालेले नाही. गावी त्याला कुणी ओळखतसुद्धा नाही. तो जन्मला ठाण्यात, वाढला कोपरीत, आणि त्याच्या जिवावर जर कुणी उठले असेल तर ते फक्त महिनाअखेर.

“अगं, चार ओळी लिहायला तुझं काय जातंय? तुझं मराठी चांगलं आहे,” मावशी म्हणाली.

मी लिहून देणार नाही म्हटले. त्यावरून घरात जे झाले ते इथे सांगत नाही. मावशी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, आणि दिवाळीत तिच्याकडून आमच्याकडे फराळाचे ताट आले नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ‘शिकली म्हणून शहाणी झाली’ हे वाक्य मी या दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यात मला माझे नावच ऐकू येते. म्हणून हा लेख. मी बरोबर वागले की नाही, हे मला आपल्यासमोर, माझ्या वर्गमित्रांसमोर आणि प्राध्यापकांसमोर, एकदा नीट मांडून पाहायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, एजंटाने सांगितलेली सोय निव्वळ थाप नव्हती. थाप नेहमी खऱ्या गोष्टीच्या अंगावरचे कपडे घालून येते. आमच्या सरांना विचारून आणि कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर कॅनडा सरकारची माहिती वाचून मी जे समजून घेतले ते असे :

व्हिएतनामचे युद्ध 1975 साली संपले आणि त्यानंतर लाखो लोक व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस या देशांतून बाहेर पडले. कितीतरी जण साध्या होड्यांतून समुद्रावर निघाले. त्याच सुमारास कॅनडाने नवा कायदा केला होता. त्यात अशी तरतूद होती की, सरकारच्या बरोबरीने सामान्य नागरिकांनाही एखाद्या निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेता यावी. 1979 आणि 1980 या दोन वर्षांत सुमारे 60 हजार लोक कॅनडात आले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची जबाबदारी चर्चच्या मंडळांनी, शेजाऱ्यांच्या गटांनी, ओळखीपाळखीच्या लोकांनी घेतली होती. 1986 साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेचे नान्सेन पदक ‘कॅनडाच्या जनतेला’ मिळाले. एरवी ते एखाद्या व्यक्तीला किंवा संस्थेला मिळते. इथे ते एका देशाच्या सगळ्या लोकांना दिले गेले. तेव्हापासून तीन लाखांहून अधिक निर्वासित या मार्गाने तिथे स्थिरावले आहेत.

पाच जणांचा गट ही गोष्टही खरीच आहे. किमान पाच प्रौढ नागरिक किंवा कायम रहिवासी एकत्र येतात, आपल्याकडे पैसे आहेत हे दाखवतात, आणि लेखी कबूल होतात की, येणाऱ्या माणसाला आम्ही वर्षभर सांभाळू. सांभाळणे म्हणजे काय? विमानतळावर आणायला जाणे, घर बघणे, भाडे भरणे, पोरांना शाळेत घालणे, डॉक्टर दाखवणे, थंडीचे कपडे घेणे, बसचे तिकीट कसे काढायचे ते शिकवणे. हे वाचताना मला पहिल्या वर्षाची आठवण झाली. कॉलेजात कुठल्या खिडकीवर काय मिळते हे सांगायला माझ्याबरोबर कुणी नव्हते.

पण याच माहितीत आणखी चार गोष्टी होत्या, आणि त्या एजंटाने दादाला सांगितल्या नव्हत्या. एक, हा मार्ग फक्त आपल्या देशाबाहेर पडलेल्या माणसासाठी आहे. जो स्वतःच्याच देशात, स्वतःच्या घरात बसला आहे त्याचा अर्ज या मार्गाने होतच नाही. दोन, पाच जणांच्या गटाने आणलेल्या माणसाजवळ तो निर्वासित असल्याचा, संयुक्त राष्ट्रांच्या संघटनेचा किंवा एखाद्या सरकारचा कागद लागतो. तीन, निर्वासिताकडून या अर्जाचे शुल्क घेतले जात नाही, आणि हमीदारांनी त्याच्याकडून पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे. चार, खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे त्या देशाचे दार बंद. म्हणजे मावशीचे साठ हजार ज्या दारासाठी गेले त्या दाराला दादाच्या बाजूने कडीच नव्हती. आणि उद्या तो खरोखर कामाच्या व्हिसावर जायला निघाला, तर ते एक पान त्याच्या आडवे आले असते.

इथे लेख संपवता आला असता. ‘एजंटांपासून सावध राहा’ एवढे तात्पर्य काढून मी मोकळी झाले असते. पण माझ्या मनातला प्रश्न तो नव्हता. समजा, नियम सैल असते, समजा, चार ओळींनी दादाचे काम झाले असते, तर मी लिहून दिले असते का?

ज्याच्या नावावर हा अर्ज असतो तो माणूस कोण, हे आधी पाहू. 1951 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे निर्वासित कोण, तर वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होईल अशा सार्थ भीतीने जो देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही तो. आपल्या देशाने या करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. तरी असे लोक आपल्यात राहतात. अफगाणिस्तानातले शीख आणि हिंदू घ्या. एके काळी ते हजारोंच्या संख्येने काबूल, जलालाबाद, गझनी इथे दुकाने चालवीत होते. 25 मार्च 2020 रोजी काबूलच्या गुरुद्वारावर हल्ला झाला, त्यात 25 माणसे मेली. 2021 च्या ऑगस्टमध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले. राहिलेली बहुतेक कुटुंबे दिल्लीत आली, आणि तिथून कितीतरी जण कॅनडाला गेले, ते याच हमीच्या मार्गाने. अल्बर्टा प्रांतातले एक मंत्री मनमीतसिंग भुल्लर यांनी या कामाला सुरुवात केली होती. 2015 साली रस्त्यावर अडकलेल्या एका वाहनचालकाला मदत करायला ते उतरले आणि अपघातात गेले. पुढे त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने ते काम चालवले. या लोकांचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले. व्हिसा आला तरी भारत सोडण्याची परवानगी वेगळी काढावी लागते. मुले दिल्लीच्या शाळेत एक-एक वर्ग वर चढत राहिली आणि घरात बांधलेल्या बॅगा तशाच राहिल्या.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडाने पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणे थांबवले. साचलेले अर्ज फार झाले हे कारण. अमेरिकेने अशाच धर्तीची योजना 2023 च्या जानेवारीत सुरू केली होती. 2025 मध्ये तीही बंद झाली. म्हणजे जगात ज्या थोड्या खिडक्या उघडल्या होत्या त्याही मिटत चालल्या आहेत, आणि खिडकीसमोरची रांग मात्र वाढते आहे. अशा रांगेत एक खोटा माणूस उभा राहिला म्हणजे फक्त एक जागा जाते असे नाही. खिडकीतला कारकून पुढच्या खऱ्या माणसाकडेही संशयाने पाहू लागतो. त्याला पुरावा विचारतो, पुराव्याचा पुरावा विचारतो. आणि जो रात्रीतून पळाला त्याच्याजवळ पुरावा असतोच कुठे? त्याच्याजवळ फक्त त्याची गोष्ट असते. दादासाठी मला जी लिहायला सांगितली होती तीच गोष्ट.

माझा हात अडला तो इथे. परजातीत लग्न केले म्हणून जीव मुठीत धरून राहणारी मुलेमुली आपल्या महाराष्ट्रात नाहीत काय? आहेत. वर्तमानपत्रांतून आपण त्यांच्याबद्दल वाचतो, चार दिवस हळहळतो आणि विसरतो. त्या मुलीची भीती उसनी घेऊन, तिच्यावर माझे ‘चांगले मराठी’ चढवून, मी ती माझ्या भावाच्या नोकरीसाठी वापरायची? आमच्याजवळ सोने नव्हते म्हणून मावशीने गळ्यातले मोडले, हे मला समजते. पण दुसऱ्याच्या गळ्यातले मोडायचा आपल्याला हक्क नाही.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती माझ्याच घरातली आहे. वर्गातला एक मित्र मला म्हणाला, “गरिबी हा छळ नाही का? धर्मावरून मारले तर निर्वासित, आणि उपाशी मारले तर फक्त बेकार?” याला माझ्याजवळ झटपट उत्तर नाही. करार लिहिणाऱ्यांनी भुकेला त्यात जागा दिली नाही, हे खरे. दर अकरा महिन्यांनी माणसाला रस्त्यावर आणणारे कंत्राट हाही एक प्रकारचा अन्यायच आहे, असे मी मानते. पण त्या अन्यायाचे उत्तर त्याच्या खऱ्या नावाने मागायला हवे. दादाला कॅनडाला जायचे असेल तर त्याने आपल्या हातातल्या कसबावर जावे, उघड माथ्याने जावे. त्यात कमीपणा नाही. कोकणातले लोक मुंबईच्या गिरणीत आले, आमचे आजोबा दुष्काळात सोलापूरकडून ठाण्यात आले, ते काही निर्वासित म्हणून आले नव्हते. पोटासाठी आले आणि तसे सांगून राहिले. शिवाय दादाजवळ परत यायला घर आहे. कितीही लहान असो, दहा बाय बाराचे असो, रात्री दाराची कडी लावून तो तिथे झोपू शकतो. ज्याला ही कडीच उरली नाही त्याच्यासाठी ती खिडकी आहे.

या योजनेतही दोष नाहीत असे मी म्हणत नाही. हमीदार बहुधा आपल्या ओळखीच्याला, आपल्या नातेवाइकाला, आपल्या धर्मबांधवाला बोलावतात. ज्याचे परदेशात कुणीच नाही तो छावणीतच राहतो. आणि नागरिक पुढे आले की सरकार मागे सरते, हाही धोका आहेच. तरीसुद्धा मला ही कल्पना फार मोठी वाटते, आणि तिच्यासाठी कॅनडापर्यंत जायची गरज नाही असेही वाटते. आपल्याच भूमीवर असे घडलेले आहे.

हिटलरच्या जर्मनीतून ज्यू लोक पळू लागले तेव्हा मुंबईतल्या ज्यूंनी 1934 साली ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन केली. आलेल्या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही, तो आम्ही सोसू, अशी हमी ही संस्था देत असे आणि त्या हमीवर माणसांना इथे येता येई. त्याच 1934 साली वाल्टर कौफमन नावाचा एक ज्यू संगीतकार मुंबईत उतरला. आकाशवाणीची जी धून आपल्या आजीआजोबांनी रोज पहाटे ऐकली ती त्याचीच. घर सुटलेल्या माणसाने आपल्याला सकाळ दिली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडच्या ज्या लोकांना सैबेरियात हाकलले होते त्यांतले सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे 1943 साली वळिवड्याला आले. तिथे त्यांची शाळा होती, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते. खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारची आणि जागा कोल्हापूर संस्थानातली. 1948 पर्यंत ते तिथे राहिले, आणि मग पांगले. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला. पुढे काय झाले ते मला सर्वांत विलक्षण वाटते. रिकाम्या झालेल्या त्या छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात आणि सारा कोल्हापूर जिल्हा तिथे कापड घ्यायला जातो. एका बेघराने सोडलेली खोली दुसऱ्या बेघराच्या कामी आली.

आणि तिसरे उदाहरण म्हणजे आपली कोपरी. चेंदणीचे कोळी इथले मूळचे. खाडी आणि मिठागरे त्यांच्या पाहण्यातली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत इथे उभी राहिली. तिकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी येऊन पडले होते; 1949 च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. तिथले लोक अजून पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतात. आपण लोकलमध्ये ते शब्द रोज ऐकतो, पण कॅम्प म्हणजे काय याचा विचार करत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सिंधी काकांचे कापडाचे दुकान आहे. रिक्षा घेण्याआधी बाबा त्यांच्याकडे गठ्ठे उतरवायला जात. काकांचे वडील 1948 च्या जानेवारीत, कराचीत दंगल झाल्यावर, बोटीने मुंबईला आले. आधी कल्याणची छावणी, मग कोपरी. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहत, आणि रात्री कुणाचे मूल रडते आहे ते आवाजावरून ओळखत, असे काका सांगतात. फॉर्म न भरण्यावरून घरात भांडण झाले त्याच आठवड्यात मी त्यांना विचारले, “काका, तुमच्या वडिलांसाठी कुणी हमी दिली होती?”

“आमच्यासाठी कोण सही करणार बेटी? ज्यांना आम्ही ओळखत होतो ते सगळे आमच्याबरोबर बोटीतच होते.” मग थोडे थांबून म्हणाले, “सरकारने बराक दिली, धान्य दिलं. बाकी आमचं आम्ही.”

मला हे उत्तर पुरेसे वाटले नाही, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. बाबांनी पतपेढीतून रिक्षासाठी कर्ज काढले तेव्हा दोन जामीनदार लागत होते. एक आमच्या चाळीतले कंडक्टर काका झाले. दुसरा मिळेना. सख्ख्या नातेवाइकांनी ‘आमच्यावरच कर्ज आहे’ म्हणून हात वर केले. शेवटी सही केली ती या कापडवाल्या काकांनी. मी तेव्हा सातवीत होते, बाबांबरोबर दुकानात गेले होते. काकांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि मला म्हणाले, “याचा अर्थ एवढाच की तुझे बाबा पळाले तर हप्ता मी भरायचा.” आणि सही केली. बाबा पळाले नाहीत. त्या रिक्षेवर घर चालले, आणि घर चालले म्हणून मी बारावीनंतर कामाला न लागता या कॉलेजात आले.

म्हणून ते जेव्हा म्हणाले, ‘आमच्यासाठी कोण सही करणार’, तेव्हा मला वाटले, ज्याच्यासाठी कुणी सही केली नाही त्याच्या मुलाने आमच्यासाठी केली. कॅनडातले पाच जण जे करतात ते याहून वेगळे नाही. फक्त तिथे रिक्षेऐवजी माणूस असतो.

मित्रहो, आपण या प्रश्नाकडे नेहमी एकाच बाजूने पाहतो. आपल्याला कोण बोलावील, आपली हमी कोण घेईल, आपला नंबर कधी लागेल. आपल्या पिढीचे सगळे डोळे विमानाकडे लागलेले. परदेशी जाण्यात मला काही वावगे दिसत नाही. उद्या संधी मिळाली तर मीही जाईन. पण हमीच्या कागदावर दोन रकाने असतात. एक ज्याच्यासाठी हमी द्यायची त्याचा, आणि एक जो देणार त्याचा. दुसऱ्या रकान्यात आपले नाव घालायचा विचार आपल्यापैकी कुणाच्या मनात येतो? ‘आपण गरीब, आपण कुणाला काय हमी देणार’ असे आपण म्हणतो. कंडक्टर काका श्रीमंत नव्हते. कोपरीतल्या बराकीत वाढलेला माणूसही तेव्हा श्रीमंत नव्हता.

आपल्या देशात परक्या निर्वासितासाठी नागरिकांनी हमी घ्यावी असा कायदा आज नाही. तो असावा, असे माझे मत आहे. ते मत एका कॉलेजच्या वार्षिकात छापून कायदा होत नाही, हे मला कळते. तेव्हा कायद्याची वाट न पाहता आपल्याला जे जमेल तेवढे सुचवते.

आपल्या कॉलेजात दर वर्षी अशी कितीतरी मुले येतात ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेले नाही. त्यांना फॉर्म कळत नाहीत, खिडकी सापडत नाही, शिष्यवृत्तीची तारीख निघून गेल्यावर कळते. पहिल्या सहामाहीत ती गळतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. माझ्या वर्गातल्या अशा तीन मुली आज वर्गात नाहीत. अशा एका विद्यार्थ्यामागे वरच्या वर्गातल्या पाच जणांनी एक वर्ष उभे राहावे. पैशाने नव्हे. त्याच्याबरोबर खिडकीवर जावे, फॉर्म भरून द्यावा, वह्या द्याव्यात, घरी आईवडिलांना समजावून सांगावे, आणि तो आठवडाभर दिसला नाही तर त्याच्या दारात जाऊन विचारावे. पाच जण यासाठी की एकाला कंटाळा आला तर चौघे उरतात. आणि याच पाच जणांनी महिन्यातून एका दुपारी ग्रंथालयाबाहेर एक टेबल मांडावे. कोपरीतल्या ज्या आयांकडे, मावश्यांकडे असे जाड पाकीट आले असेल त्यांनी पैसे देण्याआधी ते तिथे आणून दाखवावे. माझ्या मावशीला असे टेबल कुठे सापडले असते तर तिचे गळ्यातले वाचले असते. ती माझ्याकडे आली, पण पैसे देऊन झाल्यावर आली.

दादाचे पैसे परत मिळाले नाहीत. एजंट आता फोन उचलत नाही. दादा सध्या एका मित्राकडे एअर कंडिशनर दुरुस्तीचे काम शिकतो आहे आणि अधूनमधून मला विचारतो की, खरोखरीचा कामाचा व्हिसा कसा असतो. मी माहिती काढते आहे. तो फॉर्म मी भरून देईन, आणि त्यात जे लिहीन ते सगळे खरे असेल.

टेबलासाठी मी प्राचार्यांना अर्ज दिला आहे. पाच जणांत पहिले नाव माझे लिहिले आहे. चार जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी गुरुवारी तिसऱ्या तासानंतर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटावे.